मानधनाची सुधारित लागवड
वाशिम जिल्ह्यातल्या नवशिक्या प्रकल्प-संशोधकांसाठी हंगामी घडीपत्रिका

पिकाची ओळख

खरिपाला सोयाबीन-तूर, रब्बीला हरभरा आणि एम.एस्सी. झाल्यावर मानधन, अशी पीकपद्धती वाशिम जिल्ह्यात आता रुळत चालली आहे. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा आणि खुद्द वाशिम, सहाही तालुक्यांत हे तिसरं पीक तुरळक दिसतं. एखाद्या महाविद्यालयाला वरून संशोधन प्रकल्प मंजूर होतो, त्यात एक-दोन पोरांची जागा असते आणि त्या जागेवर जो रुजू होतो तो मानधन-उत्पादक. पगार हे ओलिताचं पीक आहे, कॅनॉलचं पाणी एक तारखेला येतंच. मानधन पूर्णपणे कोरडवाहू. वरून पडलं तर आलं. ही घडीपत्रिका कोरडवाहू उत्पादकांसाठी आहे. ओलीतवाल्यांनी वाचली तरी हरकत नाही, तेवढीच करमणूक.

अनुदान ही गोष्ट वाशिमला नवी नाही, हे नवशिक्याने आधी लक्षात घ्यावं. वाकाटकांची एक शाखा इथूनच, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्मातून, राज्य करत होती. त्या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 साली वाशिमलाच सापडला. राजाच्या कारकिर्दीच्या 37 व्या वर्षी नांदेडकडचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची त्यात नोंद आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आणि कामाचा मजकूर प्राकृतात. ती परंपरा अजून शाबूत आहे: मंजुरीपत्र इंग्रजीत येतं आणि 'पैसे कधी?' हे वऱ्हाडीत विचारावं लागतं. मुदतीत मात्र फरक पडला. अशा दानपत्रांची नेहमीची मुदत चंद्र-सूर्य असेपर्यंतची. आजच्या मंजुरीपत्राची तीन वर्षांची, आणि त्यातही दर 31 मार्चला ग्रहण लागतं.

जमीन व हवामान

वाशिमची जमीन या पिकाला फार मानवते, कारण प्रकल्पाच्या प्रस्तावात ती उठून दिसते. 1 जुलै 1998 ला अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा 2018 पासून नीती आयोगाच्या यादीत 'आकांक्षित' आहे. आकांक्षित म्हणजे मागास, पण पत्रव्यवहारात बरा दिसणारा. हा शब्द प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात टाकावा. मग खाली कोरडवाहू शेती, पाणी, स्थलांतर किंवा पोहरादेवीची यात्रा यांपैकी काहीही लिहिलं तरी तज्ज्ञ समितीची मान हलते.

हवामान मात्र लांबचं आहे. आपलं विद्यापीठ अमरावतीला, कृषी विद्यापीठ अकोल्याला, संचालनालय पुण्यात, मंत्रालय मुंबईत आणि मूळ ढग दिल्लीत. एका सहीसाठी एस.टी.चे दोन मुक्काम धरून चालावं. शकुंतला रेल्वेची वाट पाहण्यात ज्यांचं बालपण गेलं त्या कारंजेकरांना हे पीक जात्याच चांगलं येतं.

वाणाची निवड

सोयाबीनमध्ये जसं जेएस-335, तसं इथे जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो. जुनं, नावाजलेलं आणि गावात सगळ्यांना ऐकून माहीत असलेलं वाण. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या जून 2023 च्या आदेशानुसार शिफारशीत उत्पादन असं आहे:

जेआरएफ: दरमहा 37,000 रुपये. दोन वर्षांनी समितीने पीक पाहणी करून 'चांगलं आहे' म्हटलं तर त्याच झाडाला एसआरएफ म्हणतात आणि उतारा 42,000 होतो.

आरए, म्हणजे पीएच.डी. झालेलं वाण: 58,000, 61,000 आणि 67,000 अशा तीन प्रती. बी महाग आणि उगवणीला फार वर्षं घेतं.

प्रोजेक्ट असोसिएट: हे वाण कुठेही दिसतं. जुलै 2020 च्या आदेशात यात प्रमाणित बियाणं आणि घरचं बियाणं असा भेद केला. नेट, गेट अशी राष्ट्रीय परीक्षा पास झालेलं बी प्रमाणित, त्याला 31,000. बाकीचं घरचं, त्याला 25,000. काम दोघांना एकच. उन्हात प्रश्नावली घेऊन फिरताना नेटवाल्याला सावली जास्त पडते, असं निरीक्षणात आलेलं नाही.

फील्ड वर्कर: त्याच आदेशात 18,000. हा गावात सगळ्यात आधी पोचतो आणि शोधनिबंधात सगळ्यात शेवटी, आभाराच्या ओळीत.

याशिवाय राज्याच्या रोपवाटिकेतली वाणं आहेत: बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप. रोपं दमदार, फक्त पाणी सोडण्याची तारीख ठरत नाही. फेलोशिप नोंदणीच्या दिवसापासून धरायची की निवडीच्या, यावर एक अख्खी पिढी वाढली. 2023 साली बार्टीचे 861 संशोधक हक्काच्या पैशासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं की हे पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत. प्रश्न तांत्रिक असल्याने त्याचं उत्तर इथेच देऊन टाकतो: लोडशेडिंग असलं की मोबाइलचा. रात्रीची आकडेवारी त्याच्याच उजेडात भरली जाते.

बीजप्रक्रिया

रुजू होण्यापूर्वी उमेदवाराला पुढील प्रक्रिया करावी. मुलाखतीला स्वखर्चाने जावं. जाहिरातीत तळाला बारीक अक्षरात 'प्रवासभत्ता देय नाही' असं असतंच. त्याच्या वर 'पद पूर्णपणे तात्पुरते असून कायम करण्याचा कोणताही हक्क राहणार नाही' हे वाक्य असतं. ते घरी मोठ्याने वाचू नये.

निवड झाली की करारनामा येतो. पूर्वी तो 100 च्या स्टॅम्पवर व्हायचा. 2024 च्या ऑक्टोबरपासून तिथे 500 चा लागतो. म्हणजे मानधनातला पहिला आर्थिक व्यवहार आपण सरकारला पैसे देण्याचा आहे, याची मनाला सवय करून घ्यावी.

शब्दांवरही प्रक्रिया करावी. प्रकल्पाच्या मुख्य अन्वेषकाला सगळे 'पीआय' म्हणतात. लेखकाने पहिल्या आठवड्यात घरी सहज सांगितलं, "उद्या पीआयनं बोलावलंय." आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. आमच्याकडे पीआय एकच, पोलीस ठाण्यातला. "काय केलं रे बापू तू?" हा प्रश्न मिटायला अर्धा तास गेला आणि वडिलांना तो पूर्ण मिटला असं अजूनही वाटत नाही.

पेरणीची वेळ

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये, हे दर जूनमध्ये कृषी विभाग कानीकपाळी ओरडून सांगतो. पहिल्या सरीला भुलून जो पेरतो त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते. मानधनातही नेमकं हेच. मंजुरीपत्र ही पहिली सर आहे. मातीचा वास सुटतो, अंगात वारं शिरतं आणि पोरगं हातची खासगी शाळेतली नोकरी सोडून रुजू होतं. ओल किती खोल गेली आहे ते आधी काडी खुपसून पाहावं. काडी म्हणजे लेखा विभागातले बडे बाबू. त्यांना विचारावं: पहिला हप्ता जमा झाला का? 'ऑर्डर आली आहे' असं उत्तर आलं तर तो शिडकावा समजावा. 'रिलीज झालं आहे' म्हणाले तर रिमझिम. 'बिल काढून द्या' म्हणाले की पेरावं.

लेखकाने जुलैत ढग पाहून पेरलं. उगवण फेब्रुवारीत झाली.

खतमात्रा

मानधनाला एकच खत चालतं, घरभाडं भत्ता. बाकी सगळी वर्ज्य. महागाई भत्ता देय नाही, शहर भत्ता देय नाही, बोनस नाही, प्रवास सवलत नाही. ही यादी आदेशातच स्वच्छ छापलेली असते. महागाई संशोधकाला शिवत नाही, असं शासनाचं निरीक्षण असावं. वैद्यकीय सवलती संस्थेत लागू असतील त्या मिळतात, म्हणजे संस्थेत प्रथमोपचार पेटी असेल तर ती.

घरभाड्याचं गणित लोकसंख्येवर चालतं. 2011 च्या जनगणनेनुसार 50 लाखांवरची शहरं एक्स, 5 लाखांवरची वाय, उरलेली झेड. 1 जानेवारी 2024 पासून केंद्राचे दर अनुक्रमे 30, 20 आणि 10 टक्के आहेत. तेव्हा 37,000 चा जेआरएफ पुण्यात राहिला तर 11,100, अमरावतीत 7,400 आणि वाशिमला 3,700. वाशिम शहराची लोकसंख्या 2011 ला 78 हजारांच्या आसपास होती. आपण झेड. इंग्रजीत त्याच्या पुढे अक्षर नाही म्हणून बरं.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. वाय वर्गाच्या यादीत 'मालेगाव' असं नाव आहे. ते वाचून आमच्या मालेगाव जहांगीरच्या एका नवउत्पादकाने पेढे आणले होते. ते मालेगाव नाशिककडचं. पेढे परत घेतले जात नाहीत.

खत उचलण्यासाठी दाखला लागतो. संस्थेच्या वसतिगृहात खोली मिळाली असेल तर घरभाडं मिळत नाही, म्हणून 'खोली दिलेली नाही' असं वसतिगृहप्रमुखाकडून लिहून आणावं लागतं. लेखकाच्या महाविद्यालयात वसतिगृह एकच होतं, मुलींचं. लेखाविभाग म्हणाला, वसतिगृह आहे ना, मग दाखला पाहिजे. तीन दिवस टोलवाटोलवी झाली. शेवटी त्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमनी, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, लिहून दिलं: सदर इसम मुलींच्या वसतिगृहात राहत नाही. जावक क्रमांक टाकला, गोल शिक्का मारला. त्या कागदाची लॅमिनेट केलेली प्रत लेखकाने जपून ठेवली आहे. चारित्र्याचा इतका स्पष्ट दाखला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

एवढं करून मिळालं काय? 2022 साली झेडचा दर 9 टक्के होता, म्हणजे 25,000 वर 2,250. पण मंजुरीपत्र ज्या साच्यातून काढलं त्यात जुना 8 टक्के राहिला होता. दरमहा 2,000. उरलेल्या 250 साठी लेखकाने केलेल्या पत्रव्यवहाराचा झेरॉक्स आणि स्पीड पोस्टचा खर्च 300 च्या पुढे गेल्यावर संशोधन थांबवलं.

पाणी व्यवस्थापन

अनुदानाचं पाणी पाळीने येतं. पहिली पाळी बहुधा भरपूर असते, कारण तिच्यात यंत्रखरेदीचे पैसे असतात. नवशिका इथे फसतो. यंत्राचं पाणी वेगळ्या चारीतलं, माणसाचं वेगळ्या. भांडवली शीर्षातल्या रकमेतून मानधन देता येत नाही. त्यामुळे खोलीत लाखाच्या घरातलं यंत्र एसीत ठेवलेलं आणि ते चालवणारा पोरगा बाहेर टेबलफॅनसमोर मानधनाची वाट पाहतोय, हे दृश्य नियमबाह्य नसून नियमाप्रमाणेच असतं.

दुसरी पाळी हवी तर पहिल्या पाळीचा हिशोब द्यावा लागतो. हा हिशोब म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, बोलीभाषेत यूसी. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला 12-ए नमुना. त्याचं वेळापत्रक नीट समजून घ्या. मार्चमध्ये वर्ष संपतं. मग संस्थेचे हिशोब लागतात, सनदी लेखापाल येतो, सही होते, यूसी जातं, तिकडे तपासलं जातं, त्यानंतर पुढची पाळी सुटते. तोवर आषाढ लागलेला असतो. पंढरीच्या वारीला निघालेला माणूस जाऊन परत येतो, फाइल वाखरीलाच असते.

व्याजाबद्दलही सांगितलं पाहिजे. अनुदान बँकेत पडून राहिलं आणि त्यावर व्याज सुटलं तर ते पै न् पै भारताच्या संचित निधीत भरावं लागतं. नियम चोख आहे आणि असावाच. फक्त मानधन सात महिने उशिरा आलं तर त्यावर व्याज कोणत्या निधीतून मिळतं, याचं कलम शोधूनही सापडलं नाही. हल्ली तर पैसे पडून राहू नयेत म्हणून शून्य शिल्लक खात्याची पद्धत आली आहे. खात्यात रक्कम नसते, खर्चाची मर्यादा असते, आणि वर्ष संपलं की तीही संपते. संशोधकाला हे खातं समजावून सांगावं लागत नाही. त्याचं स्वतःचं त्याच पद्धतीचं असतं.

आंतरमशागत

जेआरएफ आणि एसआरएफला फक्त किरकोळ रजा. आजारपण किरकोळ असावं, मयत जवळची असली तरी किरकोळ असावी. परिषदेला जाणं मात्र कामावर धरलं जातं. मातृत्व रजा सरकारी नियमाप्रमाणे आहे, आणि ती मिळते; फक्त प्रकल्पाची मुदत बाळासाठी थांबत नाही.

मधल्या काळात तण उगवतं. 'सर, जरा नॅकच्या फाइली लावा', 'परीक्षेच्या ड्यूटीला माणूस कमी आहे', 'प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका टाइप करता का?' हे तण मुळासकट उपटू नये, करारनामा दर वर्षी नव्याने होतो. वरवर खुरपावं.

या खुरपणीत परदेशाचं नाव निघतंच. पुण्यातला कुणी अमेरिकेहून आलेला मित्र सांगतो की तिकडे बऱ्याच प्राध्यापकांना विद्यापीठ नऊ महिन्यांचाच पगार देतं आणि उन्हाळ्याचा ते अनुदानातून काढतात; त्यावरही तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा चाप आहे, वर्षाला साधारण दोन महिन्यांच्या पगाराइतकाच. आपल्याकडे पीआयचा पगार बारमाही, तो अनुदानातून घेण्याचा प्रश्नच नाही. उन्हाळा फक्त खालच्याला लागतो.

किडी व रोग

चक्रीभुंगा: सोयाबीनवरची ही कीड खोडावर किंवा देठावर दोन गोल चकत्या पाडते, आणि त्या चकतीच्या वरचा भाग वाळून जातो. मानधनावर तिचा प्रादुर्भाव फाइलीच्या समासात लाल शाईने होतो. दोन गोल, मध्ये प्रश्नचिन्ह, खाली 'चर्चा करावी'. त्याच्या वरची प्रत्येक सही सुकते. उपाय: स्वतः जाऊन चर्चा करावी. फोनवर ही कीड मरत नाही.

पिवळा मोझॅक: हजेरीपत्रक, कामाचा अहवाल, बँकेचा तपशील आणि रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली पावती हे चारही कागद दर महिन्याला दिले तरी चौथ्या महिन्यात 'पहिल्या महिन्याचे कागद दिसत नाहीत' असं कळतं. मूळ कागद दोन वर्षांनी पिवळे होऊन सापडतात. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढाव्यात आणि आवक क्रमांकाचा फोटो ठेवावा. 5,000 च्या वरच्या पावतीला एक रुपयाचा स्टॅम्प लागतो. त्याचा अख्खा शीट पाकिटात ठेवावा. ऐनवेळी तो पोस्टातही नसतो आणि एका रुपयावाचून पंचवीस हजार अडतात.

शीर्षबदल: प्रवासाच्या शीर्षात पैसे उरले आणि मनुष्यबळाच्या शीर्षात संपले, असं झालं की झाड एका बाजूने हिरवं आणि दुसऱ्या बाजूने वाळकं दिसतं. वळते करायला परवानगी लागते. परवानगी येईपर्यंत संशोधकाने भरपूर प्रवास करावा.

आयकर: 1961 च्या कायद्यातलं कलम 10(16) शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीला करमाफी देत आलं. आपण शिष्य की नोकर, हा प्रश्न तिथे येतो. सोपी कसोटी अशी: रजा मागायला गेलात की विद्यार्थी, रविवारी बोलावलं की कर्मचारी.

काढणी

सात महिन्यांचं पीक एका दिवशी येतं. यालाच थकबाकी म्हणतात. सकाळी साडेअकराला बँकेचा मेसेज वाजतो आणि दुपारपर्यंत भावकीला कळतं. आते-मामे सगळ्यांना मुलगा एकदम मोठा साहेब झाल्याचं वाटतं. ज्यांच्याकडून जुलै ते जानेवारी हातउसने घेतले त्यांची यादी आधीच काढून ठेवावी. खळ्यावरच वाटणी होते, घरात पायलीभर येतं.

खळ्यावरून माल थेट मान्य होत नाही, हेही लक्षात असू द्या. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन न्यायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्राने 15 टक्क्यांपर्यंत सूट दिली, पण तोपर्यंत बऱ्याच जणांनी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात घालून टाकलं होतं. यंत्राची सळई पोत्यात खुपसायची, आकडा पाहायचा आणि 'ओला आहे, वापस न्या' म्हणायचं. मानधनाच्या काढणीतही अशी सळई असते. ती कुठे खुपसतील सांगता येत नाही.

उतारा

रुपयात मोजलेल्या मानधनाने नवशिका फसतो. आमच्याकडे खरं माप सोयाबीनचं, तेव्हा त्यात मोजून पाहू. ज्या हंगामात दर लागू झाला त्या हंगामाचा हमीभाव धरला आहे.

2014 साली जेआरएफ 25,000 झाला. सोयाबीनचा हमीभाव 2,560. म्हणजे महिन्याला पावणेदहा क्विंटल.

जानेवारी 2019 पासून 31,000. हमीभाव 3,399. नऊ क्विंटल आणि वर थोडं.

जानेवारी 2023 पासून 37,000. हमीभाव 4,300. साडेआठ क्विंटलच्या किंचित वर.

आणि तेच 37,000 हंगाम 2025-26 च्या 5,328 या हमीभावाने मोजले तर सात क्विंटलही भरत नाहीत.

प्रत्येक वाढीची बातमी पेपरात 'भरघोस' या विशेषणासह आली, आणि प्रत्येक वेळी पोती कमी झाली. अधिक मास तीन वर्षांत एकदा तरी येतो. मानधनवाढ चार-पाच वर्षांनी, तीही बहुतेकदा रस्त्यावर बसल्यावर. मधल्या वर्षांत महागाई भत्ता नसल्याने पोतं हळूहळू गळत राहतं. ज्या सोयाबीनच्या नावाने विदर्भ रडतो, त्याच्याशी तुलना करूनही हरणारं हे एकमेव पीक असावं.

ही तुलना हमीभावाने केली आहे, बाजारभावाने केली असती तर संशोधक बरा दिसला असता. 2024 च्या हंगामात 4,892 चा हमीभाव जाहीर होता आणि बाजार समितीत त्याच्या बराच खाली माल जात होता. पण मग दोन्हीकडे खरा भाव लावावा लागेल: सोयाबीनचा बाजारातला, आणि मानधनाचा हातात पडलेला.

लेखकाच्या घरी हा हिशोब एका रात्री जेवताना झाला होता. वडिलांनी विचारलं, "झाला काय रे पगार?"

"मंजूर झाला, बाबा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंजूर तं आपला पीकविमा बी झाला होता."

प्रात्यक्षिक

कुठल्याही घडीपत्रिकेत शेवटी एका प्रगतिशील शेतकऱ्याची यशोगाथा असते. ही त्या जागी वाचावी.

जानेवारीतली सकाळ, रिसोड तालुक्यातलं एक गाव. लेखकाला रुजू होऊन सहा महिने झाले होते आणि हातात पडलेलं मानधन शून्य होतं. प्रकल्पाचा विषय: कोरडवाहू सोयाबीन उत्पादकांची उत्पन्न-अनिश्चितता. प्रश्नावली 22 पानांची. ओसरीवर एक सत्तरीचे आजोबा तूर पाखडत बसले होते. सुपातला कचरा वाऱ्यावर सोडत त्यांनी सगळी उत्तरं दिली. जमीन पाच एकर, विहीर आहे पण आटते, कर्ज सोसायटीचं. चौदाव्या प्रश्नाला ते थांबले. प्रश्न होता: मासिक उत्पन्न किती? खाली चार रकाने, प्रत्येकात एक चौकट.

"महिन्याले?" ते म्हणाले. "आमचं वर्षाले येते, आलं तं. तुह्यं किती हाय बापू महिन्याले?"

प्रश्नकर्त्याने उत्तर देऊ नये असं प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. पण पाणी त्यांच्याच तांब्यातलं प्यायलो होतो. म्हणालो, "सत्तावीस हजार, घरभाडं धरून."

"बरं हाय की. भेटते काय बरोबर?"

"मंजूर आहे आजोबा. सहा महिन्यांचं यायचंय. एका कागदावर तारीख चुकली म्हणून फाइल परत आली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे, मग हातातल्या 22 पानांकडे पाहिलं. खाडखाड काही विचारलं नाही, 'असं कसं' म्हणाले नाहीत. मान वळवून आत आवाज दिला:

"अवं, च्या ठेव जरा. याचा बी माल वापस आला."